वाचकांचे प्रश्न : दार, चौकट आणि बिजागरी

प्रश्न : आमच्या नव्या घराचे मुख्य दार भरीव सागवानी असून त्याला चार इंची तीन बिजागऱ्या आहेत. वर्षभरातच दाराची कुलपाकडची बाजू फरशीला घासू लागली. मिस्त्री म्हणतात, खालून रंधा मारू. दुकानदार म्हणतात, पाच इंची बिजागऱ्या घ्या. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नका, कारण दार नेमके कोठे ढिले पडले आहे हे दोघांनीही पाहिलेले दिसत नाही. आधी वजनाचा हिशेब ध्यानात घ्या. २.१ मीटर उंच, १ मीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर जाड असे सागवानी दार, सागाचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो धरल्यास, ४८ किलोंच्या घरात जाते. हे वजन नुसते खाली दाबत नाही. त्याचा मध्य बिजागऱ्यांपासून अर्धा मीटर दूर असल्याने दार वरच्या बिजागरीला चौकटीतून बाहेर ओढते आणि खालच्या बिजागरीला चौकटीत रेटते. वरच्या व खालच्या बिजागरीत १.६ मीटर अंतर असेल, तर ही ओढ सुमारे १५ किलोंची भरते. मुठीला लोंबकळणारे वीस किलोंचे नातवंड तीत आणखी बारा किलोंची भर घालते. म्हणून दार उतरले की पहिला संशय वरच्या बिजागरीच्या स्क्रूंवर घ्यावा.

दार अर्धे उघडून मुठीशी धरून किंचित वर उचला आणि घरातल्या कोणाला तरी वरच्या बिजागरीकडे पाहायला सांगा. पट्टी चौकटीपासून सुटून हलत असेल, तर दोष स्क्रूंचा आहे; पट्ट्या जागच्या जागी राहून मधली पिन खेळत असेल, तर बिजागरी झिजली आहे; आणि दोन्ही स्थिर असतील, तर दार फुगले आहे किंवा चौकट सरली आहे. स्क्रू ढिले असल्यास जुनी भोके सागाच्या खुंट्यांना फेव्हिकॉल लावून बुजवावीत, ती पुरती वाळू द्यावीत आणि मग बारीक भोक पाडून चौकटीच्या बाजूला ५० मिलिमीटरचे स्क्रू पिळून बसवावेत. पिळून, असे मुद्दाम म्हणतो, कारण तीन चतुर्थांश स्क्रू हातोडीने ठोकून शेवटचे दोन फेरे पिळण्याची पद्धत आपल्याकडे फार बोकाळली आहे. बिजागरीच झिजली असेल, तर ३ मिलिमीटर जाड पट्टीची, बॉल बेअरिंगची घ्यावी. पाच इंची घेण्यात वावगे काही नाही, मात्र सैल भोकांत तीही तशीच ढिली होईल. मधली बिजागरी बरोबर मध्यावर न ठेवता वरचीच्या खाली फूटभर अंतरावर लावल्यास ओढ दोघींत वाटली जाते.

रंध्याची घाई नको. नाशकात आषाढ-श्रावणात लाकूड ओल पिऊन फुगते आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत आकसते, त्यामुळे पावसाळ्यात तासलेल्या दाराखाली हिवाळ्यात फट दिसते. दाराखाली छोटा आरसा सरकवून खालच्या कडेला पॉलिश आहे का, ते मात्र जरूर पाहा. ती कड बहुधा कोरीच राहिलेली असते आणि तेथूनही लाकूड ओल पिते.

प्रश्न : बाथरूमच्या दाराच्या स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्यांवर तांबूस डाग पडले आहेत. घेताना दुकानदाराने चुंबक लावून दाखवले होते, ते चिकटले नव्हते. मग गंज कसा?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : चुंबक घट्ट चिकटले तर माल ३०४ प्रतीचा, म्हणजे गंजाला चांगल्या टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा नाही, एवढेच कळते, चिकटले नाही म्हणून तो ३०४ ठरत नाही, कारण २०२ या हलक्या प्रतीलाही ते जवळपास चिकटत नाही. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते, म्हणून ती स्वस्त पडते आणि ओलीत लवकर डागाळते. बाथरूमसाठी ३०४ च घ्यावी आणि प्रतीचा उल्लेख बिलावर करून घ्यावा. डाग केवळ स्क्रूंच्या डोक्यांभोवती असतील, तर बिजागरी चांगली आणि स्क्रू साधे लोखंडी, असा प्रकार असू शकतो. स्क्रूही स्टेनलेसचेच हवेत. फरशी ॲसिडने धुऊन दार बंद ठेवण्याची सवय असल्यास तीही सोडा, त्या वाफा ३०४ लाही खातात.

प्रश्न : पंचवटीतील आमच्या जुन्या वाड्याच्या दर्शनी दरवाजाला बिजागरी नाही, झडपेच्याच लाकडाचा खुंटा उंबरठ्यातील खळग्यात फिरतो. आता तो झिजून कुरकुरतो. बिजागऱ्या बसवाव्यात का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : बसवू नयेत. अशा दरवाजाचे सगळे वजन खालच्या खळग्यावर पेलले जाते आणि चौकट झडपेला फक्त उभी धरते. बिजागऱ्या लावल्यास हेच वजन जुन्या चौकटीच्या उभ्या लाकडावर लटकेल आणि त्यासाठी ती कधी घडवलेली नव्हती. जाणत्या सुताराकडून झडप उतरवून खुंट्याला लोखंडी कडे आणि खळग्यात जाड पितळी चकती बसवून घ्यावी. कुरकुर थांबवण्यासाठी स्वयंपाकाचे तेल ओतू नये, ते चिकट होऊन धूळ धरते. बोटभर ग्रीस पुरेल.