घाटवाट नकाशात कड्याबाहेर का दिसते?

प्रश्न: रायगडाभोवतीच्या वाटांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना एक इंची (एका इंचाला एक मैल) नकाशा, पान 47 एफ/8, स्कॅन करून मोबाईलवर चढवला. गड, ओढे, वाटा, सगळंच शंभरेक मीटर सरकलेलं दिसतं. नकाशाच चुकीचा आहे का?
– एक वाचक, महाड

उत्तर: नकाशा चुकीचा नाही, तो बसवताना चूक झाली आहे. या पानावरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिकृतीवर) मोजलेले आहेत आणि मोबाईल डब्ल्यूजीएस 84 ही जीपीएसची प्रणाली वापरतो. कोपऱ्यांचे आकडे जसेच्या तसे भरले की रायगडाजवळ सगळं पान साधारण सव्वाशे मीटर आग्नेयेला सरकतं. कड्याच्या धारेवर एवढा फरक जिवावर बेतू शकतो.

क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीतल्या जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन जागेवर बसवण्याच्या साधनात) बिंदू देताना निर्देशांक प्रणाली 4146 (कल्याणपूर 1975) निवडा आणि पान बसल्यावर ते 4326 (म्हणजे डब्ल्यूजीएस 84) मध्ये रूपांतरित करा. नुसते चार कोपरे देऊन भागत नाही. घडीचा, दमट हवेत फुगलेला कागद सगळीकडे सारखा ताणलेला नसतो. पान 15 मिनिटांचं असतं; दर 5 मिनिटांच्या खुणा जिथे छेदतात ते सोळाही बिंदू द्या आणि दुसऱ्या घाताचं बहुपदी रूपांतर (पॉलिनॉमियल 2) घ्या. स्कॅन 300 डीपीआयचा (इंचाला 300 ठिपके) असेल तर एक पिक्सेल सुमारे साडेपाच मीटरचा होतो. एखाद्या बिंदूची चूक चार-पाच पिक्सेलच्या वर गेली तर तो बिंदू पुन्हा टिपा, बहुतेक वेळा आकडा भरताना गफलत झालेली असते.

रायगड 18°14' वर, म्हणजे पानाच्या वरच्या कडेपासून जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. त्यामुळे उत्तरेचं पान 47 एफ/7 सोबत घ्याच. पूर्वेला 73°30' ओलांडून घाटमाथ्याकडे जाणार असाल तर 47 एफ/12 सुद्धा.

पान नीट बसल्यावर डोंगरसोंडा, खिंडी, नाळा (अरुंद घळी) यांवर भरवसा ठेवा. पायवाटांवर ठेवू नका: वापर थांबला की दोन-चार पावसाळ्यांत कारवी वाट गिळते, दरड कोसळली तर ती उरतच नाही. समोच्च रेषांमधलं (सारखी उंची जोडणाऱ्या रेषांमधलं) उंचीचं अंतर समासात पाहा. ते 50 फूट असेल तर 40 फुटांचा सरळ कातळटप्पा दोन रेषांच्या मधे लपू शकतो, म्हणून रेषा विरळ दिसल्या तरी दोर सोबत असू द्या. काळ्या रेषेचा ओढा म्हणजे कोरडं पात्र. पाणी गावातूनच भरून निघा.