'राइट-ऑफ'ला कर्जमाफी म्हणावे का?

प्रश्न असा: बँकांच्या बातम्यांत 'राइट-ऑफ'साठी कुठे 'कर्जमाफी', कुठे 'निर्लेखन', तर कुठे 'बुडीत खाती टाकले' असे छापून येते. या शब्दांचा अर्थ एकच का? नसेल, तर कोणता वापरावा?

'कर्जमाफी' इथे सरळ चूक आहे. २०१७ आणि २०१९ साली महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांसाठी माफी जाहीर केली, तेव्हा पात्र कर्जदार सुटला आणि बँकेला पैसे सरकारी तिजोरीतून मिळाले. राइट-ऑफमध्ये दोन्ही बाजू उलट्या: कर्जदार सुटत नाही आणि बँकेला दमडी मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकात 'तांत्रिक' राइट-ऑफची व्याख्याच तशी आहे. कर्जदाराच्या खात्यावर येणे बाकी तशीच राहते, बँक हक्क सोडत नाही, फक्त हिशेबापुरती ती रक्कम काढून टाकते. जप्ती, दावा, सहकारी बँक असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला, हे सगळे चालूच.

'बुडीत खाती टाकणे' हा बोलीतला ठसठशीत प्रयोग, पण त्याने कर्ज जणू आजच बुडाले असे वाटते. तोटा बहुधा आधीच टप्प्याटप्प्याने सोसून झालेला असतो.

कसा ते पाहू. ३१ मार्चचा हप्ता चुकला की त्याच दिवसअखेरीस खाते थकीत ठरते. कोणतीही थकबाकी भरली गेली नाही, तर २९ जूनच्या दिवसअखेरीस ते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. (अल्पमुदतीच्या पिकांच्या कर्जाला दिवस नव्हे, दोन हंगाम मोजतात.) तेव्हापासून व्याज हातात पडल्याशिवाय उत्पन्नात धरता येत नाही, आणि आधी धरलेले पण न मिळालेले व्याजही उलटवावे लागते. शिवाय तरतूद, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी नफ्यातून बाजूला काढायची रक्कम. व्यापारी बँकेचे १ कोटीचे कर्ज, तारण ६० लाखांचे असे समजा. पहिल्या वर्षी १५ टक्के, म्हणजे १५ लाख. पुढे खाते 'संशयित' झाले की तारणाबाहेरचे ४० लाख पूर्ण, अधिक तारणाच्या भागावर २५ टक्के: एकूण ५५ लाख. आणखी वर्षाने तो दर ४० टक्के, म्हणून ६४ लाख. संशयित होऊन तीन वर्षे उलटली की पूर्ण १ कोटी.

यानंतर राइट-ऑफची नोंद म्हणजे तरतुदीच्या खात्याला नावे, कर्जखात्याला जमा. त्या दिवशी नफ्यावर ओरखडाही उठत नाही. मात्र ५५ लाखांच्याच टप्प्यावर कर्ज काढून टाकायचे ठरवले, तर उरलेले ४५ लाख आधी खर्ची घालावे लागतात.

पूर्ण तरतूद झालेले कर्ज असे काढले की ढोबळ (तरतूद वजा न केलेले) एनपीए घटते, निव्वळ (तरतूद वजा केलेल्या) एनपीएची रक्कम जागची हलत नाही. म्हणून 'ढोबळ एनपीए उतरले' या मथळ्याखाली वसुली किती आणि निर्लेखन किती, हे वेगळे दिले नसेल तर बातमी अर्धीच.

ही सगळी साखळी एनपीएची तारीख खरी असण्यावर टिकून आहे. जुन्या कर्जाचे व्याज भरायला त्याच कर्जदाराला नवे कर्ज दिले, की कागदावर खाते सुदृढ दिसते आणि तरतूद होतच नाही. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने मोठ्या खात्यांची तपासणी लावली, आणि मार्च २०१८ पर्यंत ढोबळ एनपीए एकूण कर्जांच्या सुमारे ११ टक्क्यांवर गेले. यातली बरीच कर्जे नव्याने बिघडलेली नव्हती, फक्त उघडी पडली होती. मुंबईच्या पीएमसी बँकेत तर एका बांधकाम समूहाची थकीत कर्जे २१,०४९ खोट्या खात्यांखाली लपवल्याचा आरोप पोलीस तक्रारीत आहे. कागदावर निरोगी असलेल्या कर्जाला तोटा पेलण्याइतकी तरतूद कोण करणार? सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते.

तेव्हा लिहिताना 'निर्लेखन' वापरावे. शब्द कोरडा आहे खरा, पण सहकारी बँकांच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत तो केव्हाच रुळला आहे. सामान्य वाचकासाठी पहिल्या उल्लेखाला 'हिशेबातून वगळले, वसुली चालू' एवढी जोड पुरते. एकरकमी परतफेडीत बँक काही रक्कम कायमची सोडते, त्या भागाला 'सूट' म्हणावे. तो निर्लेखनाच्या आकड्यात मिसळू नये, कारण तेवढ्यापुरता कर्जदार खरोखरच सुटलेला असतो.