फास्टॅगमध्ये पैसे असूनही स्कॅन झाला नाही, तर दुप्पट टोल भरायचा का?

नाही, पण दोष कुणाचा ते आधी बघा. टॅग चालू, शिल्लक पुरेशी आणि नाक्यावरचं यंत्रच वाचत नसेल, तर राष्ट्रीय महामार्गावर २०१८ च्या नियमानुसार गाडी पैसे न घेता सोडायची असते, वर शून्य रुपयांची पावतीही द्यायची असते. ती मागा. प्रत्यक्षात नाक्यावरचा पोरगा हातातलं स्कॅनर काचेवर दोनदा फिरवतो, ‘ब्लॅकलिस्ट दाखवतंय’ म्हणतो, मागून हॉर्न सुरू होतात आणि माणूस पैसे देऊन मोकळा होतो! म्हणून शिल्लक दाखवणारा स्क्रीनशॉट तिथेच काढा. केवायसीपायी टॅग खरंच बंद असेल तर वाद घालू नका. अशा वेळी यूपीआयने सव्वापट, रोखीने दुप्पट टोल, असा नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. दोनदा पैसे कापले गेले तर १०३३ या महामार्ग हेल्पलाइनला फोन करा आणि टॅगच्या बँकेकडेही तक्रार टाका.