भावार्थ लिहिला तरी मार्क का गेले?

प्रश्न : ताई, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत दहावीला आहे. चाचणीला बालकवींच्या 'श्रावणमासी' आणि 'औदुंबर'ची तुलना करा असा प्रश्न होता, मी दीड पान लिहिलं तरी निम्मेच मार्क, सर म्हणाले यात तुलना कुठाय? आता प्रिपरेटरी (बोर्डाआधीची सराव परीक्षा) जवळ आलीय, उजळणी कशी करू?

उत्तर : अगं, तू आधी एका कवितेचा भावार्थ संपवलास आणि मग दुसरीचा लिहिलास ना? तिथंच मार्क गेले बघ. दोन्ही कविता एकाच वाक्यात यायला पाहिजेत.

रंगच घे. कवी एकच, दोन्हीत हिरवळ, म्हणून त्या सारख्या वाटतात. पण 'श्रावणमासी'त हिरवळ चोहीकडे दाटते, क्षणात सर येते क्षणात ऊन पडतं, पाखरं, गाणी गाणारा गुराखी, फुलं खुडणाऱ्या पोरी असं करत करत कविता देवदर्शनाला निघालेल्या बायकांपर्यंत येते. (तुमच्याकडं श्रावणात ऊन किती वेळ टिकतं ते तू रोज बघतेस, त्यामुळं 'क्षणात' हा शब्द तुला गाईड लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कळणार.) 'औदुंबर' आठच ओळींची, त्यात गाव आहे पण चार घरांचं आणि तेही पैल टेकडीकडे, माणूस एकही दिसत नाही, आणि हिरव्या कुरणातनं निघालेली पांढरी पायवाट जाते कुठं तर काळ्या डोहाकडे. मग वाक्य असं होतं: दोन्ही कवितांत हिरवा रंग आहे, पण 'श्रावणमासी'त तो माणसांच्या आनंदाकडे नेतो तर 'औदुंबर'मध्ये काळोख्या पाण्याकडे. हे 'पण' आणि 'तर' म्हणजेच तुलना गं.

उजळणीला दोन्ही कविता आधी मोठ्यानं म्हण, मनातल्या मनात वाचून लय कळत नाही. मग वहीचं पान मधोमध दुमड आणि पुस्तक मिटून डावीकडे एकीतले शब्द, उजवीकडे दुसरीतले शब्द लिही. रंगाला एक पान, माणसांना एक, शेवटाला एक. तीन पानं पुरेत. गाईडमधले मुद्दे पाठ करू नकोस, त्यात कवितेतला शब्द नसतो आणि शब्द दाखवल्याशिवाय मार्क मिळत नाहीत.

हे जमलं की इंदिरा संतांची पावसावरची एखादी कविता घे, त्या कितीतरी वर्षं आपल्या बेळगावात राहिल्या, आणि ती 'श्रावणमासी'शेजारी ठेवून बघ. ते पान मला पाठव, मी नक्की वाचीन.