अमेरिकेत नागरी हक्क चळवळीचा इतिहास गोऱ्यांना, कृष्णवर्णीयांना आणि आपल्या भारतीयांना सारखाच माहीत असतो का?

नाही. मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स ही दोन नावं सगळ्यांनाच पाठ असतात. फरक पडतो तो त्यापुढे.

मी न्यू जर्सीत राहतो. माझ्या बहुतेक गोऱ्या सहकाऱ्यांना शाळेत एवढंच शिकवलं गेलं: शिवणकाम करणारी एक बाई दमली होती, तिने बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही, मग किंगनी भाषण केलं आणि अन्याय संपला. ती बाई म्हणजे रोझा पार्क्स. पार्क्सबाई कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या, अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शाखेच्या सचिव, मुरलेल्या कार्यकर्त्या होत्या, हे त्यातून गळतं. त्यांच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५मध्ये, क्लॉडेट कॉल्विन या १५ वर्षांच्या मुलीला याच कारणासाठी अटक झाली होती, तेही गळतं. पार्क्सना अटक झाली त्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या मशीनवर हजारो पत्रकं सायक्लोस्टाइल केली आणि दुसऱ्या दिवशी ती गावभर वाटली गेली. लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, तो ३८१ दिवस चालला. एवढी मोठी संघटना दमलेल्या पायांच्या गोष्टीत कशी मावणार?

किंग तरी तेव्हा कुठे सर्वांचे लाडके होते? गॅलप या संस्थेच्या १९६६च्या जनमत पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचं मत त्यांच्याविरुद्ध होतं.

कृष्णवर्णीय घरांत हे सगळं आजी-आजोबांकडून कळतं. माझ्या एका सहकारी बाईंच्या आजी मिसिसिपीत मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, तर कारकुनाने राज्याच्या घटनेतलं कलम पुढे ठेवून त्याचा अर्थ लिहायला लावला. बरोबर की चूक ठरवणाराही तोच. अर्थात नापास केलं.

आपल्या लोकांबद्दल मला जास्त वाईट वाटतं. १९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड या पंजाबहून आलेल्या शीख माणसाला ते गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९४६नंतरही वर्षाला जेमतेम १०० भारतीयांना प्रवेश होता. मार्च १९६५मध्ये अलाबामातल्या सेल्मा गावात मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला आणि ३ ऑक्टोबरला त्याच अध्यक्ष जॉन्सननी देशवार कोटा (कुठल्या देशातून किती लोक घ्यायचे याची ठरलेली मर्यादा) मोडणाऱ्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. चळवळीने वर्णभेदाची लाज वाटायला लावली नसती तर तो कोटा इतक्या लवकर गेला नसता, असं माझं ठाम मत आहे. आपण इथे आलो ते त्या कायद्यामुळे. तरी ‘आम्ही फक्त मेहनतीवर वर आलो’ असं म्हणणारे पावलोपावली भेटतात.

मराठी माणसाला तर हे नवं असायला नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांनाच. बाबासाहेबांनी १९४६मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मी मोठ्या मुलांना फुले, थिंड आणि सेल्मा एकाच तासाला शिकवतो, आणि पालकांनाही बसायला सांगतो.