‘बिनशर्त प्रेम’ की ‘कळवळा’?

देव माणसावर आईबापांसारखे प्रेम करतो ही ख्रिस्ती शिकवण सांगताना हल्ली सर्रास ‘बिनशर्त प्रेम’ असे म्हटले जाते. हा प्रयोग योग्य आहे का, आणि मराठीत याहून जवळचा शब्द आहे का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते ‘बिनशर्त’ चूक नाही, पण अपुरा आहे. आणि जवळचा शब्द मराठी बायबलातच आहे, तो म्हणजे ‘कळवळा’.

‘बिनशर्त’ हे विशेषण माफी, पाठिंबा, शरणागती यांच्या सोबतीने वावरते. जिथे अट घालता आली असती पण घातली नाही, अशा व्यवहाराची ती भाषा आहे. त्यातून काय नाही ते कळते. काय आहे ते कळत नाही.

बायबलातील लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू एक दृष्टान्त सांगतो, त्यातला बाप म्हणजे देव. वाटणी घेऊन गेलेला, सारे उधळून बसलेला धाकटा मुलगा घरी परततो. बापापुढे काय बोलायचे ते त्याने वाटेला लागण्यापूर्वीच ठरवलेले असते: मुलगा म्हणवून घेण्याची माझी योग्यता नाही, मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा. म्हणजे अट खरे तर मुलगाच घेऊन येतो. तो दूर असतानाच बापाला त्याचा कळवळा येतो, बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, आणि मुलगा बोलू लागतो तेव्हा मोलकऱ्याचे ते वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. बाप लगेच चाकरांना उत्तम झगा आणायला सांगतो.

येथे ‘कळवळा येणे’ यासाठीचे मूळ ग्रीक क्रियापद ‘स्प्लांख्ना’, म्हणजे आतडी, या शब्दावरून आले आहे. शुभवर्तमानांत ते 12 वेळा येते, तेही येशूविषयी किंवा त्याच्या दृष्टान्तांतील पात्रांविषयीच. आपणही ‘आतडे तुटणे’, ‘आतड्याची माया’ असे म्हणतो, त्यामुळे मराठी वाचकाला हे शरीरातले प्रेम समजावून सांगावे लागत नाही. हिब्रूतही करुणेचा शब्द गर्भाशयाच्या ‘रेहेम’ या शब्दाशी जोडलेला आहे, आणि आई तान्ह्याला विसरली तरी मी विसरणार नाही, असे देव बायबलातील यशया या पुस्तकाच्या 49व्या अध्यायात म्हणतो तेथे त्याच धातूचे रूप आहे.

व्याकरणही पाहावे. प्रेम आपण ‘करतो’. कळवळा मात्र ‘येतो’. भुकेने कळवळणारे मूल आणि त्याला पाहून कळवळणारी आई यांना एकच क्रियापद पुरते, आणि दुसऱ्याची कळ आपल्या पोटात उठण्याची ही क्रिया ठरवून करता येत नाही. तुकोबांनी आईच्या मायेविषयी ‘ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती’ असे म्हटले आहे. ‘बिनशर्त’ला प्रतिशब्दच हवा असेल, तर ‘लाभाविण’ यापेक्षा सुंदर शब्द मला तरी ठाऊक नाही.

एक आक्षेप रास्त आहे. ‘याला फारच कळवळा!’ असे टोमण्यातही म्हटले जाते, आणि दानशूराने दीनावर दाखवलेली दया असाही वास त्याला कधी येतो. म्हणून शिकवणीच्या विवेचनात ‘बिनशर्त’ राहू द्यावे, पण गोष्ट सांगताना, प्रार्थनेत किंवा मुलांशी बोलताना ‘कळवळा’च वापरावा.

प्रेमाबरोबर येणाऱ्या आपलेपणाला मात्र निराळे नाम शोधण्याची गरज नाही. तो सर्वनामात आहे. त्याच दृष्टान्तात थोरला मुलगा धाकट्याविषयी बापाला रागाने ‘हा तुझा मुलगा’ म्हणतो, भाऊ म्हणत नाही. बाप आधी त्याला ‘बाळा’ अशी हाक मारतो, माझे सारे तुझेच आहे असे सांगतो, आणि मग त्याचेच शब्द फिरवून ‘हा तुझा भाऊ’ म्हणतो. या वाक्याचा अनुवाद करताना ‘तुझा’ गाळून वाक्य सुटसुटीत करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.