वाचकांचे प्रश्न : तेलाची वाहिनी, पिण्याचे पाणी आणि नकाशावरची रेघ

तेलवाहिन्यांविरुद्ध अमेरिकेतील सामान्य नागरिकांनी दिलेल्या लढ्यांबद्दल काही वाचकांनी प्रश्न पाठवले होते. त्यांतील चार येथे घेतले आहेत.

प्रश्न : तेलवाहिनी पोलादी असते, जमिनीत पुरलेली असते आणि तिच्यातील दाब क्षणोक्षणी नियंत्रण कक्षात दिसत असतो. मग रस्त्यावरच्या टँकरपेक्षा ती सुरक्षित नाही का? पाण्याचे नाव पुढे करणाऱ्यांचा विरोध मुळात तेलालाच असतो, असे मला वाटते. (एक निवृत्त अभियंता, पुणे)

उत्तर : टँकरशी तुलना केली तर वाहिनीचे अपघात कमी होतात, हे मान्य. पण टँकर उलटला तर एका टँकरमधले तेल सांडते; वाहिनी फुटली तर ती बंद होईपर्यंत तेल वाहत राहते, आणि ती कधी बंद होणार हे शेवटी माणसाच्या निर्णयावर अवलंबून असते. 25 जुलै 2010 रोजी संध्याकाळी मिशिगन राज्यातील मार्शल या गावाजवळ एनब्रिज कंपनीची 30 इंच व्यासाची वाहिनी फुटली. कॅनडातील एडमंटनच्या नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचना आल्याही. परंतु नेमक्या त्याच वेळी ठरल्याप्रमाणे वाहिनी बंद करण्याचे काम चालू होते, त्यामुळे नळातील तेलात मध्येच पोकळी पडल्याने दाब उतरला असावा, असा अर्थ तिथल्या माणसांनी लावला आणि ती पोकळी भरून काढण्यासाठी पंप पुन्हा दोनदा चालू केले. जे तेल सांडले त्यातले बहुतेक या दोन वेळी सांडले. सुमारे 17 तासांनी वाहिनी फुटल्याचे कळले, तेही यंत्रामुळे नव्हे, तर स्थानिक गॅस कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने फोन केला म्हणून. तोवर अंदाजे 32 लाख लिटर तेल बाहेर पडले होते आणि टॅल्मेज ओढ्यातून कॅलमझू नदीत पोहोचले होते. ते डांबरासारखे घट्ट तेल होते, वाहून नेण्यासाठी हलक्या द्रवाने पातळ केलेले. हलका भाग हवेत उडून गेला आणि उरलेले जड तेल तरंगण्याऐवजी तळाला जाऊन बसले. नदीचा तळ उपसण्याचे काम कित्येक वर्षे चालले आणि खर्च 100 कोटी डॉलरच्या पुढे गेला.

विरोधकांत तेलालाच विरोध असणारे असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आपल्या विहिरीच्या काळजीने आलेला माणूसही त्याच रांगेत उभा असतो, आणि तो बहुधा पेट्रोलच्या गाडीतूनच सभेला आलेला असतो. त्याच्या प्रश्नाला तेवढ्यावरून खोटे ठरवता येत नाही.

प्रश्न : माझी मुलगी टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात राहते. तिथल्या लोकांनी काही वर्षांपूर्वी एक तेलवाहिनी थांबवली, असे ती सांगते. ना मोठा पक्ष पाठीशी, ना पैसा. मग हे जमले कसे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बायहेलिया कनेक्शन असे त्या वाहिनीचे नाव होते. लांबी 49 मैल, म्हणजे जेमतेम 79 किलोमीटर. मेम्फिसपासून मिसिसिपी राज्यातील बायहेलियापर्यंत जाऊन ती दोन मोठ्या वाहिन्या एकमेकींना जोडणार होती. प्लेन्स ऑल अमेरिकन आणि व्हॅलेरो या कंपन्यांचा हा प्रकल्प. रेघ सरळ ओढली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. प्रत्यक्षात ती नैर्ऋत्य मेम्फिसमधील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधून वळवलेली होती. त्यांतील एकीचे नाव बॉक्सटाउन. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी रेल्वेच्या जुन्या डब्यांचे लाकूड आणून इथे घरे बांधली, म्हणून हे नाव पडले. ‘हाच मार्ग का?’ असे रहिवाशांनी फेब्रुवारी 2020 मधील एका सभेत विचारले, तेव्हा कंपनीच्या वतीने जमिनीचे व्यवहार पाहणारा माणूस बोलून गेला की, जिथे कमीत कमी विरोध होईल असा हा मार्ग आहे. कंपनीने नंतर सारवासारव केली, पण शब्द सुटला होता. पुढच्या सगळ्या लढ्याला त्या एका वाक्याने जेवढे बळ दिले, तेवढे शंभर पत्रकांनी दिले नसते, असे माझे मत आहे.

ऑक्टोबर 2020 मध्ये जस्टिन पिअरसन या तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी ‘मेम्फिस कम्युनिटी अगेन्स्ट द पाइपलाइन’ ही संघटना उभी केली. जमिनीचा मुद्दा एका वस्तीपुरता राहिला असता. पाण्याच्या मुद्द्यामुळे सारे शहर त्यात ओढले गेले. मेम्फिस मिसिसिपी नदीच्या काठावर वसले असले तरी पिण्यासाठी नदीचे पाणी घेत नाही. वाळूच्या खोल थरात साठलेले, म्हणजे मेम्फिस सँड या जलधरातले पाणी उपसून सगळ्या शहराला पुरवले जाते, आणि त्याच्या चवीचा तिथल्या लोकांना मोठा अभिमान आहे. या जलधरावर चिकणमातीचे झाकण आहे, पण ते अखंड नाही. काही ठिकाणी थर विरळ आहे, तर काही ठिकाणी त्याला चक्क भगदाडे आहेत. वाहिनी महापालिकेच्या एका विहीरक्षेत्रातून जाणार होती. श्रीमंत वस्तीतल्या नळालाही तेच पाणी येते, हे नकाशावर दाखवायला फारशा भाषणबाजीची गरज लागली नाही.

दुसरी आघाडी न्यायालयात उघडली गेली. जमीन द्यायला नकार देणाऱ्या काही मालकांवर कंपनीने सक्तीच्या संपादनासाठी दावे लावले. या मालकांनी हात टेकण्याऐवजी उलट विचारले की, खासगी नफ्यासाठीच्या वाहिनीला हा अधिकार मुळात दिला कोणी? नगर परिषदेने विरोधाचा ठराव केला; मार्च 2021 मध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर सभेला येऊन गेले. (गोर यांच्यामुळे प्रकल्प थांबला, असे सांगणारे भेटतात, पण गोर आले तेव्हा स्थानिकांचे घरोघर फिरणे कित्येक महिने चालू होते.) 2 जुलै 2021 रोजी कंपनीने प्रकल्प सोडून दिला आणि कारण सांगितले ते कोविडच्या महासाथीमुळे घटलेल्या तेल उत्पादनाचे. त्यात तथ्य असेलही. पण कंपनीने ते कारण पुढे करेपर्यंत वाहिनी पुरली गेली नाही, हे श्रेय रहिवाशांचेच.

प्रश्न : स्टँडिंग रॉकचे आंदोलन तर जगभर गाजले. तरीही ती वाहिनी झालीच. मग एवढी माणसे जमवून काय साधले? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : डकोटा ॲक्सेस वाहिनी 1,172 मैलांची, नॉर्थ डकोटातील तेलक्षेत्रापासून इलिनॉयपर्यंत जाणारी. स्टँडिंग रॉक या सू आदिवासींच्या राखीव क्षेत्राच्या जरा वरच्या अंगाला ती मिझुरी नदीवरील ओआहे जलाशयाच्या तळाखालून जाते. तिचा एक आधीचा पर्यायी मार्ग बिस्मार्क या नॉर्थ डकोटाच्या राजधानीच्या उत्तरेकडून होता. तो मागे पडला, आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या विहिरी जवळ असणे हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. शहराच्या पाण्याला जी भीती लागू पडली ती आदिवासींच्या पाण्याला का लागू पडू नये, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यात जुनी जखमही होती. हा जलाशय विसाव्या शतकाच्या मध्यावर धरण बांधून झाला, तेव्हा याच लोकांची सुमारे 56,000 एकर जमीन, बहुतांशी नदीकाठची सुपीक आणि झाडीची, पाण्याखाली गेली. ज्या पाण्याने घरे बुडवली, त्याच पाण्यासाठी त्यांचे वंशज एप्रिल 2016 पासून तळ ठोकून बसले. 20 नोव्हेंबरच्या रात्री गोठवणाऱ्या थंडीत पोलिसांनी त्यांच्यावर पाण्याचेच फवारे मारले.

4 डिसेंबर 2016 रोजी जलाशयाखालून जाण्याची परवानगी नाकारली गेली, सत्ताबदलानंतर फेब्रुवारी 2017 मध्ये ती दिली गेली आणि जूनपासून तेल वाहू लागले. 2020 मध्ये न्यायालयाने पर्यावरणीय अभ्यास अपुरा ठरवून परवानगी रद्द केली; तरी वरच्या न्यायालयाने वाहिनी बंद करायला लावली नाही. इथेच मेम्फिसशी असलेला फरक दिसतो. जगाचे लक्ष गेले तोवर जलाशयाचा टप्पा सोडल्यास वाहिनी जवळपास पुरून झाली होती, आणि पुरलेल्या पोलादाच्या बाजूने उभे राहणे सरकारला आणि न्यायालयालाही सोपे जाते. आदिवासींनी हरकती आधीच घेतल्या होत्या. त्या ऐकायला तेव्हा कोणी आले नव्हते.

प्रश्न : आमच्या शिवारातून पेट्रोलियम वाहिनी जाणार असल्याची सूचना निघाली आहे. वरच्यासारखे आंदोलन आमच्याकडून होणार नाही. निदान काय करावे? (एक शेतकरी, सोलापूर जिल्हा)

उत्तर : आपल्याकडे यासाठी 1962 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार जमिनीची मालकी आपलीच राहते, फक्त वापराचा हक्क घेतला जातो. भरपाई म्हणून बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम आणि पिकाचे वगैरे नुकसान मिळते. मात्र त्या पट्ट्यात पुढे विहीर किंवा शेततळे खोदता येत नाही, घर बांधता येत नाही आणि झाड लावता येत नाही, हे सही करण्याआधी घरातल्या सर्वांना सांगा. राजपत्रातील अधिसूचनेपासून 21 दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते आणि सुनावणी मागता येते. ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहू नका. गट नंबर, आपल्या व शेजाऱ्याच्या विहिरींचे आणि गावच्या पाणीयोजनेच्या उद्भवाचे आखणीपासूनचे अंतर फुटांत मोजून लिहा, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना बंद करण्याचे व्हॉल्व्ह कुठे असतील ते विचारा, आणि बाजूच्या कोणत्या गटातून नेल्यास विहिरी टळतील ते हाताने काढलेल्या नकाशावर दाखवा. घर, पक्के बांधकाम किंवा घरालगतची जागा असेल तर तिच्याखालून वाहिनी नेण्यास कायद्यातच मनाई आहे, आणि जमिनीखाली किमान एक मीटर खोली बंधनकारक आहे. हरकतीच्या प्रतीवर कार्यालयाचा पोच शिक्का घ्यायला विसरू नका.